आयर्लंडचं हेरिटेज कार्ड: सुरुवात तुरुंगापासून करा

डब्लिनला मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला जाणारी सोलापूरची मंडळी आता बरीच दिसतात. तिथं गेल्यावर नदीवरचे पूल बघणं होतं, बाजार होतो, एखाद्या रविवारी समुद्राकडचे कडे बघून येणं होतं. जुनी शहरं मात्र राहून जातात. त्या मंडळींसाठी हे लिहितोय. मी आणि माझी बायको आयर्लंडच्या दक्षिणेकडची जुनी शहरं बहुतेक रेल्वेने फिरलो आणि त्या सगळ्या फिरण्याला आधार होता तो हेरिटेज कार्डाचा. कार्ड जरूर काढा. कसं वापरायचं तेही सांगतो, कारण कुठून सुरुवात करता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हे कार्ड तिथल्या सरकारच्या ओपीडब्ल्यू या खात्याचं. खातं सार्वजनिक बांधकामाचं, १८३१ पासूनचं. पण देशातले कितीतरी किल्ले, मठ आणि बुरूज सांभाळायचं कामही त्याच्याकडेच आहे. कार्ड काढलं की वर्षभर त्यांच्या तिकीट असलेल्या ठिकाणी कितीही वेळा आत जाता येतं. आम्ही काढलं तेव्हा मोठ्यांना ४० युरो आणि साठी ओलांडलेल्यांना ३० युरो पडत होते. बहुतेक ठिकाणी तिकिटाच्या खिडकीवरच मिळतं. ज्याच्या नावाचं त्यानेच वापरायचं, जावयाचं कार्ड सासऱ्याला चालत नाही. सुटं तिकीट बहुतेक ठिकाणी ५ ते ८ युरोंचं आणि ज्येष्ठांना थोडं कमी, म्हणजे सहा-सात ठिकाणं झाली की पैसे वसूल.

पण माझ्या मते कार्डाचा मोठा फायदा पैशाचा नाही. सुटं तिकीट हातात असलं की सगळं एका दमात बघून घ्यायची घाई होते. कार्ड असलं की निवांतपणा येतो. पाय दुखले, बाहेर या, बाकावर बसा, गरम सूप प्या, परत आत जा. किल्केनीच्या किल्ल्यात आम्ही दुपारी गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. पहिल्यांदा दालनं बघितली, दुसऱ्यांदा फक्त लांब चित्रदालनाच्या रंगवलेल्या लाकडी छताखाली बसून राहिलो. आमच्या वयाच्या माणसाला असंच बघायला जमतं.

आता सुरुवातीचं. डब्लिनमध्ये उतरल्यावर सगळ्यात आधी किलमेनमचा तुरुंग बघा. कार्ड असलं तरी इथली जागा आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते, कारण मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात आणि एका गटात माणसं मोजकीच असतात. गर्दीच्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळत नाही. साधारण तासाभराची फेरी. १७९६ मध्ये सुरू झालेला हा तुरुंग १९२४ मध्ये बंद पडला, पडझड झाली, आणि १९६० पासून स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी तो पुन्हा उभा केला. हे ऐकल्यावर भिंतींकडे बघायची नजर बदलते.

आमच्याबरोबर जी मार्गदर्शक बाई होती ती आवाज न चढवता बोलत होती. आधी तिने प्रार्थनाघरात बसवलं. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला, आठवड्यात मोडला गेला, आणि पुढाऱ्यांना लष्करी कोर्टाने मृत्युदंड दिला. त्यातला एक जोसेफ प्लंकेट. गोळी घालायच्या काही तास आधी, ३ मेच्या रात्री, याच प्रार्थनाघरात त्याचं ग्रेस गिफर्डशी लग्न लागलं. पहाटे तो गेला. बाईने एवढंच सांगितलं आणि थोडा वेळ काही बोलली नाही. माझी बायको पदर डोळ्यांना लावून बसली होती.

मग अरुंद, अंधाऱ्या बोळातल्या कोठड्या. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा हा तुरुंग माणसांनी ओसंडून गेला. भीक मागणं, भाकरतुकडा चोरणं हेही गुन्हे. आत निदान काहीतरी खायला मिळतं म्हणून लोक पकडले जायला तयार होत. १८५२ पर्यंत त्या देशात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली.

शेवटी जिथं नेतात ते उंच भिंतींचं उघडं अंगण. कैद्यांना इथं खडी फोडायला लावत. ३ ते १२ मे १९१६ या दिवसांत उठावाच्या चौदा जणांना याच अंगणात गोळ्या घातल्या. एका टोकाला तेरा जणांसाठी क्रूस आहे. दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, एकट्या जेम्स कॉनलीसाठी वेगळा. जखमी असल्यामुळे त्याला रुग्णवाहिकेतून आणलं, उभं राहता येईना म्हणून खुर्चीवर बसवून मारलं.

मी बायकोला खडीचं सांगितलं. ती मंगळवेढ्याकडची. ती म्हणाली, "अहो, बहात्तरला आम्हीबी दुष्काळी कामावर खडीच फोडत होतो की. आई फोडायची, मी पाटीनं उचलायची. वर सुकडी मिळायची." शेजारच्या आयरिश गृहस्थांनी विचारलं की त्या काय म्हणतात. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी टोपी काढून तिला नमस्कार केला.

आणि मला आठवले आमचे चार. सोलापूरच्या माणसाला त्या अंगणात दुसरं काही आठवणं शक्य नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर उठलं, मार्शल लॉ लागला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. त्यांच्या चार पुतळ्यांवरून मी आयुष्यभर सायकलने गेलो आहे. चौघांची नावं आम्हाला शाळेत एका दमात पाठ होती.

किलमेनम आधी बघा म्हणतो त्याचं कारण आता सांगतो. तिथून निघून किल्केनीला जायला आम्ही ज्या स्टेशनवर गेलो त्याचं नाव ह्यूस्टन. शॉन ह्यूस्टन, उठावातला पंचवीस वर्षांचा पोरगा, रेल्वेतच कारकून होता आणि याच स्टेशनात काम करायचा. ८ मेला त्याला त्या अंगणात मारलं. गाडी किल्केनीला पोचली, स्टेशनवर नाव मॅकडोना. थॉमस मॅकडोना, कवी आणि मास्तर, तरुणपणी किल्केनीच्याच एका शाळेत शिकवायचा. त्याला ३ मेला मारलं. पुढं त्याच मार्गावर वॉटरफर्डला उतरलो तर स्टेशनवर नाव प्लंकेट, त्या प्रार्थनाघरातला. उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ मध्ये, देशातल्या पंधरा स्टेशनांना या माणसांची नावं दिली. लिमरिकला कोल्बर्ट, गॉलवेला केंट. कॉर्कच्या स्टेशनचंही नाव मराठीत केंटच लिहावं लागेल, पण तो थॉमस केंट वेगळा, त्याला कॉर्कमध्येच मारलं. डब्लिनमध्ये आणखी कॉनली आणि पिअर्स. आपण पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने जातो, त्यांनी थांबायच्या जागांना हुतात्म्यांची नावं दिली. आधी अंगण पाहिलेलं असलं की प्रत्येक स्टेशनवर उतरताना कोणाच्या गावी आलो ते कळतं. न पाहता गेलात तर त्या नुसत्या पाट्या.

म्हणूनच माझा आग्रह रेल्वेचा. मोटारीने गेलात तर गाव मिळेल, नाव मिळणार नाही. ह्यूस्टनहून किल्केनी साधारण दीड तास. तिकीट ऑनलाइन काढलं की सीटच्या वर छोट्या पडद्यावर तुमचं नाव येतं. आमचं आडनाव तिथं बघून बायकोने फोटो काढून घेतला.

किल्केनी लहान शहर आहे. किल्ल्यापासून मोठ्या चर्चपर्यंतचा जुना रस्ता चालत होतो, गुडघेदुखीवाल्यांनाही होतो. किल्ला कार्डात आहे. बटलर या सरदार घराण्याने तो १३९१ मध्ये विकत घेतला, १९३५ मध्ये राहणं सोडलं, आणि १९६७ मध्ये अवघ्या ५० पौंडांना गावाच्या हवाली केला. मागं मोठं उद्यान आहे, ते सगळ्यांना फुकट खुलं. शाळेतली पोरं तिथं डबा खात बसलेली असतात. याच शहरात १३६६ मध्ये ते कुप्रसिद्ध कायदे झाले: इथं वसलेल्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलायची नाही, आयरिश लोकांशी सोयरीक करायची नाही, त्यांच्यासारखे कपडे घालायचे नाहीत. आमच्या सोलापुरात एका गल्लीत तीन भाषा चालतात, दुकानदार गिऱ्हाईक बघून कन्नड, तेलुगू, मराठी बदलतो. सोयरीक आणि बोली कागदावर थांबवता येते असं ज्यांना वाटलं त्यांची मला कीव आली. आज त्याच शहरात रस्त्याच्या पाटीवर आयरिश आधी आणि इंग्रजी खाली आहे.

चर्च आणि त्याच्या शेजारचा नवव्या शतकातला गोल मनोरा कार्डात नाही, वेगळं तिकीट. मनोरा सुमारे तीस मीटर उंच, आतून लाकडी शिड्यांनी वर जायचं. मी गेलो. बायको खाली थांबली ते योग्यच, शिड्या उभ्या आहेत आणि वरून उतरणाऱ्याला वाट द्यायला जागा नाही.

वॉटरफर्डबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या दर्यावर्दी व्हायकिंग लोकांनी ९१४ मध्ये वसवलेलं, आयर्लंडमधलं सगळ्यात जुनं शहर. स्टेशन नदीच्या एका काठाला, जुनं शहर दुसऱ्या काठाला, पूल ओलांडून जायचं. धक्क्यावर गोल, जाड भिंतींचा रेजिनाल्ड बुरूज उभा आहे. तो कार्डात आहे. कधी टांकसाळ, कधी तुरुंग, कधी दारूगोळ्याचं कोठार अशी त्याने बरीच कामं केली. आता आत व्हायकिंग काळातल्या वस्तू आहेत. त्यातली पतंगाच्या आकाराची सोन्याचांदीची पिन बघायला भिंग ठेवलंय, कारण काम इतकं बारीक. जिना भिंतीच्या जाडीतून वळत जातो, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. खालच्या मजल्यावरचा माणूस प्रत्येक ज्येष्ठाला आधीच सांगतो, घाई करू नका.

पण वॉटरफर्डचा जीव बुरुजापासून थोड्या पावलांवरच्या मध्ययुगीन संग्रहालयात आहे. ते कार्डात नाही, तरी तिथले पैसे डोळे झाकून द्या. मी जन्मभर मागावर काढलेला माणूस आहे. आमच्याकडे चादरी आणि टॉवेल होत. तिथं काचेच्या मागं पंधराव्या शतकातले चर्चमधल्या पूजेचे झगे आहेत. सोन्याच्या तारेचं मखमली कापड इटलीत फ्लॉरेन्सला विणलेलं, त्यावरचं भरतकाम बेल्जियममधल्या ब्रुजला केलेलं. १६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याच्या भीतीने ते लपवून ठेवले. कुठं ठेवले ते सांगणारं कोणी उरलं नाही. १७७३ मध्ये जुनं चर्च पाडताना तळघरात ते सापडले, सव्वाशे वर्षांनी.

तिथं मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. मखमलीला उभ्या धाग्याचे दोन थर लागतात, एक पायाचा आणि एक वर उठणाऱ्या केसाचा. आमच्या टेरी टॉवेललाही दोन बीम, म्हणजे ताण्याचे रूळ, लागतात, एक जमिनीचा, एक फंदांचा, म्हणजे वर दिसणाऱ्या धाग्याच्या वेढ्यांचा, आणि दोन्हींचा ताण वेगवेगळा ठेवावा लागतो. ताण चुकला की फंद खालीवर होतात, माल परत येतो. हे आम्ही विजेच्या मागावर करायचो आणि तरी दिवसातून दहादा हात लावावा लागायचा. त्या माणसाने हातमागावर, रेशमाने, सोन्याची तार घालून केलंय आणि पाचशे वर्षांनी एक फंद इकडचा तिकडं नाही. भरतकामातल्या संतांचे चेहरे लोक बघतात, बघावेतच. मी कापडाची पाठ कुठं दिसते का ते शोधत होतो. पहारा करणाऱ्या बाईंनी विचारलं, काय शोधताय. मी सांगितलं, विणकर आहे. त्या मला बाजूला घेऊन गेल्या आणि जिथं झग्याची कड थोडी वळलेली होती ती जागा दाखवली. आयर्लंडमध्ये कोणी माझ्यावर एवढा उपकार केला नाही.

विणकामाशी संबंध असलेलं कोणी हे वाचत असेल, सोलापूरच्या पूर्व भागातलं कोणी, आणि त्यांचं पोर तिकडं असेल, तर दुसरं काही बघू नका, पण हे बघा.

वॉटरफर्डला ब्ला नावाचा पाव मिळतो, वरून पीठ भुरभुरलेला, मऊ, आपल्या लादीपावाचा मोठा भाऊ शोभेल असा. २०१३ मध्ये युरोपने त्याचं नाव या भागापुरतं राखून दिलं, आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे तसं. सकाळी लवकर जा. लोणी लावून, वर शेंगाचटणी घालून आम्ही धक्क्यावर बसून खाल्ला. शाकाहारी माणसाची आयर्लंडमध्ये उपासमार होत नाही, भाजीचं सूप आणि सोड्याची जाड पोळीसारखी ब्रेड जवळपास सगळीकडं असते, पण तिखटाची सोय आपणच करावी. चटणीचा डबा आणि कडक भाकरी सामानात असू द्या.

कॅशेलचा खडक जावयाने मोटारीने दाखवला. सपाट हिरव्या रानात एकदम उठलेला चुनखडीचा खडक आणि त्यावर मन्स्टर प्रांताच्या राजांचं ठाणं. ११०१ मध्ये राजाने ते चर्चला दिलं. वर ११३४ मध्ये पूर्ण झालेलं कॉर्मॅकचं छोटं प्रार्थनाघर आहे, आत जुन्या भित्तिचित्रांचे अवशेष. तिथं मोजक्याच माणसांना मार्गदर्शकाबरोबर सोडतात, म्हणून पोचल्या पोचल्या वेळ विचारून घ्या. वारा फार, कानटोपी हवीच. खडक कार्डात आहे.

कार्डात काय नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. ट्रिनिटी कॉलेजमधला सन ८०० च्या सुमाराचा केल्सचा हस्तलिखित ग्रंथ नाही. डब्लिनची दोन्ही मोठी चर्चं नाहीत. लिमरिकचा किंग जॉनचा किल्ला नाही. जो फक्त डब्लिन आणि गॉलवे करून परतणार आहे त्याला कार्ड परवडणार नाही, त्याने सुटी तिकिटं काढावीत. किल्केनी, वॉटरफर्ड, कॅशेल, ट्रिम असं फिरणाऱ्यासाठी ते आहे.

आणि काही ठिकाणी तिकीटच नाही. कॉर्कहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत कोव नावाचं बंदर येतं. १८४८ ते १९५० या काळात देश सोडून गेलेल्या सुमारे साठ लाखांपैकी पंचवीस लाख माणसं या एका धक्क्यावरून गेली. ११ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक शेवटची थांबली ती इथंच, १२३ प्रवासी इथून चढले. धक्क्यावर ॲनी मूर नावाच्या पोरीचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांसकट. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं स्थलांतरितांच्या नोंदणीचं ठाणं उघडलं तेव्हा पहिली नोंद तिची झाली. बायको त्या पुतळ्याजवळ बराच वेळ बसली. आमची मुलगी शिकायला म्हणून निघाली तेव्हा सोलापूर स्टेशनवर ती अशीच उभी होती, पिशव्या धरून, मागं वळून न बघता.

कार्डाच्या ठिकाणांवर मला सगळ्यात जास्त आवडली ती सांगणारी माणसं. पाठ केलेलं बोलत नाहीत, प्रश्न विचारला तर थांबतात, माहीत नसलं तर तसं सांगतात. आमच्या भुईकोट किल्ल्याला, त्याच्या खंदकाला आणि शेजारच्या सिद्धेश्वर तळ्याला अशी पगारी, शिकलेली, आपल्या गावावर जीव असलेली पोरं मिळावीत असं मनापासून वाटतं. सोलापुरात अशी पोरं पुष्कळ आहेत.

आता कागदपत्रांचं. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, युरोपचा शेंगेन व्हिसा तिथं चालत नाही. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. डेरीला जायचं असेल, आणि जावंच, कारण १६१३ ते १६१९ मध्ये बांधलेली तिची तटबंदी अजून अखंड आहे आणि तिच्यावरून सगळ्या जुन्या शहराला फुकट फेरी मारता येते, तर ते शहर ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमध्ये येतं हे ध्यानात ठेवा. वाटेत सीमेवर कोणी अडवत नाही, तरी परवानगी लागतेच. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक संयुक्त योजना आहे, तिचा शिक्का व्हिसावर असेल तर दोन्हीकडे जाता येतं; अर्ज करतानाच विचारून घ्या. तिकडं युरो नाही, पौंड. हेरिटेज कार्डही तिकडं चालत नाही.

लहान ठिकाणं हिवाळ्यात बंद असतात. मे ते सप्टेंबर बरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर विमानाची तारीख पक्की झाली की लगेच मुलीला किंवा मुलाला किलमेनमच्या जागेवर लक्ष ठेवायला सांगा, सकाळची पहिली फेरी मिळाली तर उत्तम. तिथून ह्यूस्टन स्टेशन जवळ आहे, दुपारच्या गाडीने किल्केनी गाठता येतं.